श्रीक्षेत्र तेर : तेरणाकाठची मातीची नगरी



वारकरी भाविकाला तेर हे नाव नवीन नाही. संतचरित्रांत तेरढोकी म्हणून, कोठे सत्यपुरी म्हणून, ते आपण ऐकलेले असते. 'गोरोबाकाकांचे तेर' एवढे म्हटले की पुढचे कोणी विचारीत नाही. काकांच्या समाधीवर माथा टेकावा, तेरणेचे पाणी डोळ्यांना लावावे, प्रसाद घ्यावा आणि एस.टी. गाठावी. बहुतेकांचे तेर तेवढ्यात संपते. माझेही पुष्कळ वर्षे तसेच संपत होते. म्हणून आजच्या लेखात समाधीच्या भोवतालचे तेर सांगावयाचे आहे. ते कळल्यावाचून काकांचे चरित्र अर्धेच कळते, असे आता माझे मत झाले आहे.

हे मत कसे झाले ते आधी सांगतो. पस्तिसेक वर्षांपूर्वी चैत्रातील यात्रेत तेरला माझे कीर्तन होते. वय तिशीचे, आवाज चांगला, पाठांतर भरपूर. पूर्वरंग संपवून मी काकांचे चरित्र लावले आणि नेहमीप्रमाणे वर्णन केले: आडरानातले चिमुकले खेडे, चार कुंभारांच्या झोपड्या, एक गाढव, एक चाक, आणि अशा अडाणी जागी हे भक्तिरत्न निपजले! श्रोत्यांनी टाळ्याही दिल्या. कीर्तन संपल्यावर एक म्हातारे शेतकरी पायांपाशी आले. दर्शन घेतले आणि म्हणाले, "महाराज, कीर्तन लई ग्वाड झालं. पर तुम्ही काकाचं गाव बारकं केलं. सकाळी माझ्यासंगं चला." सकाळी त्यांनी मला गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडांवर नेले. पाऊल टाकावे तेथे खापरी. काळ्या, तांबड्या, चकचकीत, जाड, कागदासारख्या पातळ. म्हातारे म्हणाले, "ही सगळी मडकी कुणी केली? चार झोपड्यांनी?" मला उत्तर देता आले नाही.

उत्तर पुढे पुस्तकांतून आणि जाणत्यांकडून मिळाले. ते असे आहे.

तेरचे जुने नाव तगर. संस्कृतात तगर हे एका सुगंधी झुडपाचेही नाव आहे. पूजेच्या धूपात ते घालतात. गावाला ते नाव का पडले याच्या वादात आपण शिरायला नको. पण तगराचे तेर कसे झाले हे मात्र व्याकरण शिकलेल्याला चटकन दिसते. प्राकृतात दोन स्वरांच्या मधला गकार टिकत नाही. तगर, तयर, तइर, तेर. नगर शब्दाचे नयर आणि पुढे काही गावांच्या नावांत नेर झाले, तोच हा मार्ग. जुन्या इंग्रजी नकाशांत या गावाचे नाव 'थैर' असे पडले होते. त्यामुळे तगर म्हणजे कोणते गाव यावर विद्वानांनी पुष्कळ वर्षे घोळ घातला. कोणी दौलताबाद म्हणे, कोणी जुन्नर, कोणी कोल्हापूर. शेवटी १९०१ साली जे. एफ. फ्लीट या ताम्रपटांच्या अभ्यासकाने तगर म्हणजे तेरणाकाठचे तेरच, असे सप्रमाण मांडले आणि तो वाद मिटला.

एवढा वाद एका खेड्यावरून का व्हावा? तर या गावाचे नाव समुद्रापलीकडच्या पुस्तकात आहे म्हणून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या ग्रंथाला पेरिप्लस म्हणतात. त्यात तो भडोच बंदराविषयी लिहितो की, या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणापासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. पैठणहून अकीकासारखे दगड येतात. तगराहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि समुद्रकाठच्या मुलखातून तेथे आलेला इतर माल येतो. हे सारे गाड्यांतून, मोठ्या बिकट वाटांनी भडोचला पोचते. दुसऱ्या शतकातील टॉलेमी या भूगोलकारानेही तगराची नोंद केली आहे.

आता हिशेब करून बघा. पैठण ते तेर हे अंतर आजच्या मापाने दीडशे किलोमीटरांहून थोडे अधिक. दहा दिवसांत जायचे तर रोज पाचेक कोस पडतात. भरलेल्या बैलगाडीची चाल तीच. आणि आपल्या दिंडीची मजलही साधारण तेवढीच असते! दिशेत थोडी चूक आहे, कारण तेर पैठणच्या पूर्वेला नसून आग्नेयेला आहे. पण परक्या माणसाने ऐकीव माहितीवर लिहिले, त्याला तेवढे माफ करावे.

मला या नोंदीत वेगळाच आनंद वाटतो. त्या परदेशी माणसाने आपल्या मुलखातील, समुद्रापासून दूर, आतल्या बाजूची म्हणून जी दोन नगरे नावाने सांगितली, ती कोणती? पैठण आणि तेर. एक पुढे एकनाथ महाराजांचे झाले, दुसरे गोरोबाकाकांचे. त्याला बिचाऱ्याला याची काय कल्पना असणार!

तगराचा मोठेपणा सातवाहनांच्या काळातला, म्हणजे आजपासून अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीचा. तेरणेच्या दोन्ही तीरांवर वस्ती होती. कोट टेकडी, बैराग टेकडी, मुलाणी टेकडी अशा नावांनी जी टेकाडे आज ओळखली जातात, ती टेकाडे नव्हतच. ती घरांवर घरे पडून, मातीवर माती साचून झालेली पांढर आहे. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले, आणि पुढेही सरकारी पुरातत्त्व खात्याने निरनिराळ्या टेकाडांवर खोदकामे केली. विटांच्या एका मोठ्या स्तूपाचा पाया निघाला. त्याच्या आतल्या भिंती गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या मधून बाहेर गेलेल्या. सातवाहन राजांची नाणी निघाली. शंखाच्या बांगड्या, रंगीत दगडांचे मणी, मातीच्या बाहुल्या आणि पश्चिमेकडच्या दारूच्या उंच सुरयांचे तुकडेसुद्धा निघाले.

या मोठेपणाची आठवण नगर उतरणीला लागल्यावरही लोकांत राहिली होती. सातव्या शतकातील चालुक्यांच्या एका ताम्रपटात तगराच्या रहिवाशाचा उल्लेख येतो. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे तर स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. राज्य कोठे आणि तगर कोठे! पण आमचे मूळ घराणे तगरचे, एवढे सांगण्यातच त्यांना भूषण वाटे. जैन परंपरेतही तेरचा मान मोठा आहे. अकराव्या शतकातील कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात करकंड राजाचा तेरापुराशी आणि जवळच्या धाराशिवच्या लेण्यांशी संबंध आला आहे. तेरला जैनांचे जुने मंदिर आहे, तेथे ते भक्तिभावाने यात्रेला येतात.

म्हणजे विष्णूचे, शिवाचे, जिनाचे आणि बुद्धाचे उपासक एकाच नदीवर पाणी भरीत होते. येथे कोणी म्हणेल, आपल्याला याच्याशी काय करायचे आहे? थोडा धीर धरा.

तेरमध्ये गेल्यावर समाधीखालोखाल जे पाहिलेच पाहिजे ते त्रिविक्रमाचे देऊळ. बाहेरून साधे दिसते. पुढे सपाट छपराचा मंडप, तो मागाहून जोडलेला. पण मागे जाऊन गाभाऱ्याची पाठ पाहा. ती चौकोनी नाही, गोल आहे. छप्पर पालथ्या पन्हाळीसारखे, वरून वाकलेले, सगळे विटांचे. शिल्पशास्त्रात याला गजपृष्ठ म्हणतात, म्हणजे बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखे. कार्ल्याला डोंगरात कोरलेले चैत्यगृह आपण पाहतो, तोच आकार येथे विटांनी उभा केला आहे. विटांचे असे बांधीव गजपृष्ठ देऊळ इतक्या जुन्या काळचे शाबूत राहणे फार दुर्मिळ. आंध्रात चेझर्ल्याला कपोतेश्वराचे देऊळ आहे, ते याचे भावंड. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझिन्स या पुरातत्त्वाच्या अधिकाऱ्याने तेरचे हे देऊळ पाहिले आणि त्याची माहिती छापली, तेव्हा जगाला त्याचा पत्ता लागला. तेरकरांना तो आधीपासून होताच! कझिन्सचे म्हणणे, हे मुळात बौद्धांचे चैत्यगृह आणि मागाहून त्यात विष्णू आला. दुसरे काही अभ्यासक म्हणतात, ते पहिल्यापासून वैदिक देवाचेच असावे. आपण आत गेलो की समोर तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा, पाय उचललेला त्रिविक्रम उभा असतो. मला दोन्ही पक्ष मान्य आहेत. दशावतारांत बौद्ध अवतार मोजणाऱ्या वारकऱ्याने यात अडखळावे असे काही नाही.

दुसरे उत्तरेश्वराचे देऊळ. तेही विटांचेच. त्याच्या दाराची लाकडी चौकट इतकी बारीक कोरलेली की दगडालाही ते जमू नये. शतकानुशतके ऊनपावसात टिकलेली ती चौकट आता गावातील संग्रहालयात नीट ठेवलेली आहे.

आणि आता विटांविषयी. हेच खरे सांगावयाचे होते. तेरच्या जुन्या विटा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या, पण त्यांतील काही इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर टाकली तर वीट तरंगते! ऐकणाऱ्याला चमत्कार वाटतो. मलाही वाटला होता. एका वृद्ध कुंभाराला मी विचारले तेव्हा तो हसला. "बुवा, त्यात चमत्कार कसला? मातीत भाताचं तूस भरपूर मिसळायचं. आव्यात वीट तापली की तूस जळून जातं आन् त्याची जागा रिकामी राहती. वीट आतून पोकळ, म्हणून तरती." देवळाच्या शिखराला, वाकलेल्या छपराला जड वीट घातली तर भार पेलत नाही, म्हणून ही युक्ती. केवढी विद्या! माती कोणती घ्यावी, तूस किती घालावे, आच किती द्यावी. थोडे चुकले तर विटेचा भुगा. ही विद्या पोथीत लिहिलेली नव्हती. ती हातांत होती, आणि बापाच्या हातांतून मुलाच्या हातांत जात होती.

तेरमध्ये जे काही जुने उरले आहे, ते पाहा. देऊळ विटांचे, स्तूप विटांचा, बाहुल्या मातीच्या, मडकी मातीची. मलमल गेली, गाड्या गेल्या, भडोचचे व्यापारी गेले. भाजलेली माती तेवढी राहिली. ज्या गावाने हजार वर्षे मातीची अशी सेवा केली, त्या गावी कुंभाराच्या घरी संत जन्मला. म्हणून म्हणतो, मी काकांचे गाव लहान केले ही चूकच होती. काका आडरानातले अडाणी कुंभार नव्हेत; एका थोर कारागिरीचे वारसदार होते. त्यांच्या काळी तगराचे वैभव मावळले होते हे खरे. पण नांगराच्या फाळाला, नदीच्या दरडीला पूर्वजांची खापरी लागतच असणार. ज्या पांढरीवर आपले घर उभे, ती कशाची बनली आहे हे कुंभाराइतके कोणाला कळणार?

काकांचा काळ परंपरेने असा सांगतात: जन्म शके ११८९, म्हणजे इ.स. १२६७, समाधी शके १२३९, चैत्र वद्य त्रयोदशी, म्हणजे इ.स. १३१७. वडील माधवबुवा, काळेश्वराचे भक्त. ज्ञानेश्वर, नामदेव या मंडळींत हे वयाने वडील, म्हणून सर्वांचे 'काका'. आळंदीला माउलींनी समाधी घेतली शके १२१८ मध्ये. त्यानंतर काका एकवीस वर्षे होते. हा काळ कसा होता, हेही ध्यानात घ्या. देवगिरीच्या रामदेवरावाचे राज्य डळमळले, दिल्लीच्या फौजा दक्षिणेत उतरल्या, आणि काकांनी देह ठेवला त्याच सुमारास यादवांचे राज्य समूळ संपले. चरित्रकारांनी यातले काही लिहिले नाही. त्यांना काकांचे चाक आणि काकांचे नाम एवढेच दिसले.

चरित्र सर्वांना पाठ आहे. महिपतीबुवांनी शके १६८४ मध्ये पुरा केलेल्या भक्तविजयात ते आले आहे, म्हणून विस्तार करीत नाही. नामाच्या तंद्रीत माती तुडविताना तान्हे मूल पायांखाली आले. पत्नीने घातलेली विठ्ठलाची आण. ती मोडली म्हणून तोडलेले हात. पांडुरंगाने कुंभार होऊन घरी राबणे. आणि पंढरीत नामदेवांच्या कीर्तनात ते हात परत फुटणे, मूल परत येणे. काकांचे घर म्हणून जी जागा तेरमध्ये दाखवितात तेथे गेल्यावर बायाबापड्या गप्प उभ्या राहतात. पूर्वी मी तो मातीचा प्रसंग फार रंगवून सांगत असे. एका गावी कीर्तनानंतर एक बाई आली. तिचे मूल विहिरीत बुडून गेले होते. ती म्हणाली, "बुवा, तिचं परत आलं. माझं का न्हाई?" मी शास्त्री माणूस; कर्म, प्रारब्ध, सर्व तोंडपाठ. त्या बाईपुढे एक अक्षर सुचले नाही. त्या दिवसापासून तो प्रसंग मी दोन वाक्यांत सांगतो आणि नामाला लागतो.

दुसरा प्रसंग मात्र तेरला गेल्यावर मला अधिक कळला. संतमंडळी जमली आहेत. तेरकर सांगतात, काकांच्याच घरी. मुक्ताईने कोपऱ्यातले थापटणे पाहिले आणि विचारले, हे काय? काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग मुक्ताई म्हणाली, आम्हांलाही पारखा. काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सर्व शांत राहिले, नामदेव मात्र रागावले. हे मडके कच्चे, असा काकांनी निवाडा दिला. त्यानंतर नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले ही कथा आपण जाणतो.

येथे शंका अशी येते की, नामदेवांसारख्या देवाच्या लाडक्याची परीक्षा करण्याचा अधिकार कुंभाराला कोणी दिला? पंडितांना हा प्रश्न अवघड वाटतो, कुंभाराला वाटत नाही. त्या वृद्ध कुंभाराने मला समजाविले. थापटणे म्हणजे लाकडी फळी. ओल्या मडक्याच्या आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने हलके हलके मारीत भिंत पातळ आणि सारखी करायची. मडके त्याने घडते, आणि त्याच्या आवाजाने पारखलेही जाते. न भाजलेले मडके भद्द बोलते, भाजलेले खणकन बोलते. आणि तो पुढे जे बोलला ते मी कीर्तनात आजवर सांगत आलो आहे. "बुवा, कच्चं म्हंजे वाईट नव्हं. कच्चं म्हंजे आजून आव्यात गेलं न्हाई. माती तीच, घाटबी तोच." नामदेवांना काकांनी टाकून दिले नाही, त्यांना आव्याचा रस्ता दाखविला. थापटण्याची हीच जात आहे. आतून आधाराचा हात असल्याशिवाय कुंभार बाहेरून मारीतच नाही.

आता तेरणेविषयी थोडे. ही नदी बालाघाटात उगम पावते, तेरवरून जाते, पुढे मांजरेला मिळते, आणि मांजरा गोदावरीला. म्हणजे काकांच्या दारचे पाणी गंगा-गोदेचे. ते चंद्रभागेला कधीच जात नाही. तेरहून पंढरीला जायचे तर बालाघाटाची धार ओलांडून भीमेच्या खोऱ्यात उतरावे लागते. पाणी एकीकडे वाहते आणि वारकरी दुसरीकडे चालतो! आमच्या लहानपणी लातूरकडून कुर्डुवाडीला आणि तेथून पंढरपूरला बारशी लाईटची छोटी गाडी होती. ती इतकी हळू चाले की चढावर पोरे उतरून बरोबर धावत. वारीच्या दिवसांत डब्यांच्या टपांवरही माणसे. त्या छोट्या रुळांची जागा आता मोठ्या रुळांनी घेतली आहे. तेरणेवरही तेरजवळ धरण झाले. चैत्रात पात्र पुष्कळदा कोरडे असते. ज्याला तेथे स्नान करायचे आहे त्याने पावसाळ्यानंतर जावे.

गावातील संग्रहालय अवश्य पाहावे. त्याला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. हे गृहस्थ तेरचेच. पावसाळ्यात पांढरी धुपून, नदीची दरड कोसळून जे जे वर येई ते ते त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केले, घरात साठविले. लोक हसले असतील. आज तो सर्व ठेवा सरकारी संग्रहालयात आहे. मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी, दिवे, शिक्के, अशा हजारो वस्तू. त्यांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई येथे सापडली. ते नगर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले होते. त्याआधीच कधीतरी आपल्या देशचे ते कोरीव काम तिथे पोचले होते. कीर्तनात मी हे सांगतो तेव्हा पोरे डोळे विस्फारून ऐकतात.

संग्रहालयाशी माझी स्वतःची एक गोष्ट निगडित आहे, ती सांगितल्यावाचून लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या पहिल्या सकाळी म्हाताऱ्यांबरोबर हिंडताना मी पांढरीतून एक मातीचा मणी उचलला आणि काकांचा प्रसाद म्हणून घरी आणला. देवघरात ठेवला, रोज गंधफूल वाहिले. बारा-तेरा वर्षे गेली. मग एका उत्खननाच्या जाणकाराशी गाठ पडली. मी मोठ्या अभिमानाने मणी दाखविला. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, आपण पोथीचे पान फाडून आणले आहे. हा मणी ज्या थरात होता, त्याच्या शेजारी काय होते, वर काय, खाली काय, यावरून त्याचा काळ ठरला असता. आता हा नुसता मणी." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पोथीची पाने जपण्यात आयुष्य गेलेला मी! पुढच्या चैत्रात मणी घेऊन तेरला गेलो आणि संग्रहालयात दिला. तेथील माणसाने विचारले, "कुठल्या टेकाडावर मिळाला?" मला सांगता आले नाही. म्हातारे तोवर वारले होते.

म्हणून यात्रेकरूंना हात जोडून विनंती आहे. तेरच्या पांढरीतून खापरी, मणी, विटेचा तुकडा काहीही उचलू नये, मुलांना उचलू देऊ नये. पांढरीची माती शेतात टाकायला, घर सारवायला गाड्या भरभरून नेण्याची आपल्याकडे गावोगाव जुनी चाल आहे. नेणाऱ्याला पाप वाटत नाही, कारण ती नुसती माती दिसते. तेरच्या भूमीत तरी ती नुसती माती नाही. कोणाला जमिनीत काही सापडले तर हलविण्याआधी संग्रहालयात कळवावे. आणि आपल्या फडांतील कीर्तनकार बंधूंना सांगणे असे की, काकांचे चरित्र लावताना पाच मिनिटे तगराला द्यावीत. श्रोत्यांना ते आवडते, हा माझा अनुभव आहे.

जाणाऱ्यांसाठी: तेर हे धाराशिव तालुक्यातच, शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. धाराशिवहून एस.टी. मिळते. तुळजापूरच्या दर्शनाला येणाऱ्यांना एका दिवसात दोन्ही साधतात. पहाटे पोचल्यास प्रथम तेरणाकाठी काळेश्वर आणि शेजारी काकांची समाधी करावी. मग ऊन चढण्याच्या आत त्रिविक्रम व उत्तरेश्वर. त्रिविक्रमाच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना मागची गोल भिंत पाहण्यास विसरू नये. दुपारी संग्रहालय. काकांचे घर शेवटी ठेवावे, तेथे घाई करू नये. समाधीचा उत्सव चैत्र वद्य त्रयोदशीला असतो, त्या वेळी गर्दी फार आणि ऊनही फार. म्हाताऱ्या माणसांना नेणाऱ्यांनी पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे.